सहीनंतरची वर्षं

कंपन्यांची खरेदी-विक्री आणि विलीनीकरण यांचा सल्ला देण्याच्या धंद्यात पांढऱ्या केसांची माणसं फार कमी दिसतात. वकिलीत, डॉक्टरीत, ऑडिटमध्ये साठीपुढची माणसं भरपूर असतात, तिथे वय हीच पुंजी मानली जाते. पण बांद्रा-कुर्ला संकुलातल्या एखाद्या गुंतवणूक बँकेच्या मजल्यावर जा. पंचविशी-तिशीतली मुलंमुली ओळीने बसलेली, चाळिशीतले मोजके, आणि पन्नाशी ओलांडलेले एक-दोघंच काचेच्या केबिनमध्ये. त्या ओळींमधून निघालेले बाकीचे कुठे गेले?

हा प्रश्न मला हल्ली वारंवार विचारला जातो, फक्त वेगळ्या शब्दांत. सीए झालेली, एमबीए झालेली मुलं भेटायला येतात आणि थोडं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारतात, "मॅडम, यात पुढे काय? दहा वर्षांनी, वीस वर्षांनी?" पहिल्या वर्षाचा पगार, बोनस, कोणत्या बँकेत किती वाजता सुटतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. दूरचं मात्र कोणी सांगत नाही, कारण जे पुढे टिकले नाहीत ते सांगायला तिथे उरलेलेच नसतात. मी नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून या कामात आहे. आधी फोर्टात, मग नरिमन पॉइंटला, मग बांद्र्याला आणि आता पुण्यात स्वतःच्या छोट्या फर्ममध्ये. तेव्हा या प्रश्नाचं उत्तर नीट विचार करून द्यायला हवं असं मला वाटतं.

वरवरचं उत्तर सोपं आहे. जगभर शिडी एकच: ॲनालिस्ट, असोसिएट, व्हाइस प्रेसिडेंट, डायरेक्टर, मॅनेजिंग डायरेक्टर. तिच्या खालच्या निम्म्या पायऱ्या चढायला हाताचा वेग, आकड्यांतली अचूकता आणि न झोपण्याची ताकद लागते. वरच्या निम्म्या पायऱ्यांवर एकच गोष्ट विचारली जाते: काम कोण आणतं? खालच्या पायऱ्यांवर जे गुण कामी येतात ते वरच्या पायऱ्यांवर उपयोगी पडत नाहीत, आणि वरचे गुण शिकायला खाली कोणी वेळ देत नाही. उत्कृष्ट आर्थिक मॉडेल बनवणारा मुलगा तेहतिसाव्या वर्षी अचानक एखाद्या प्रवर्तकासमोर एकटा बसवला जातो. समोरच्याला त्याच्या एक्सेल शीटमध्ये काडीचा रस नसतो. "माझ्या धाकट्या भावाला हे कसं सांगायचं?" असं काहीतरी तो विचारतो. या वळणावर निम्मे लोक गळतात. कोणी प्रायव्हेट इक्विटी फंडात जातं, कोणी एखाद्या मोठ्या उद्योगसमूहाच्या अधिग्रहण विभागात, कोणी नव्या कंपनीचा सीएफओ होतं. यातल्या कशालाही मी अपयश म्हणणार नाही. माझ्या ओळखीतले कित्येक तिथे सुखात आहेत आणि आमच्याकडे शिकलेल्या कामाचं सोनं करताहेत. पण सल्लागार म्हणून कारकीर्द करायची असेल तर ती खरं म्हणजे या वळणापाशी सुरू होते. त्याआधीची दहा वर्षं उमेदवारीची.

उमेदवारीत जे शिकलो ते तरी टिकतं का? ते पटकन जुनं होतं. मी आर्टिकलशिप करत होते तेव्हा टॉमको आणि हिंदुस्तान लिव्हरच्या विलीनीकरणाचा सर्वोच्च न्यायालयाचा 1994 चा निकाल आमच्या ऑफिसात हातोहात फिरत होता. टॉमकोच्या, म्हणजे टाटा ऑइल मिल्सच्या, पंधरा शेअरना लिव्हरचे दोन शेअर, असं प्रमाण ठरलं होतं. कामगार संघटना त्याविरुद्ध थेट दिल्लीपर्यंत गेली होती. जाणकाराने केलेलं मूल्यांकन असेल आणि भागधारकांनी प्रचंड बहुमताने मान्य केलं असेल तर न्यायालय पुन्हा आकडेमोड करत बसणार नाही, असा त्याचा गाभा. मी तो निकाल पेन्सिलीने खुणा करत वाचला होता. त्या वेळी विलीनीकरणाची योजना उच्च न्यायालयात जायची, 1956 च्या कंपनी कायद्याच्या कलम 391 ते 394 खाली. हे आकडे आमच्या तोंडात असे बसले होते की झोपेतही सांगितले असते. डिसेंबर 2016 पासून ते सगळं काम राष्ट्रीय कंपनी कायदा लवादाकडे गेलं आणि आम्ही उच्च न्यायालयाच्या जुन्या दगडी जिन्यांऐवजी पुढे कफ परेडला एमटीएनएलच्या इमारतीत चकरा मारू लागलो. अधिग्रहणाचे सेबीचे नियम 1997 चे वेगळे, 2011 चे वेगळे; बाकीच्या भागधारकांना द्यावी लागणारी ओपन ऑफर वीस टक्क्यांची होती ती सव्वीस टक्क्यांची झाली. 2011 च्या जूनपासून मोठ्या व्यवहारांना स्पर्धा आयोगाची मंजुरी लागू लागली. 2016 मध्ये दिवाळखोरी संहिता आली आणि बुडीत कंपन्या लिलावातून घेण्याचं एक अख्खं नवं काम जन्माला आलं. भूषण स्टील टाटा स्टीलकडे गेली, एस्सार स्टील आर्सेलर मित्तलकडे. ज्यांनी पहिल्या दोन वर्षांत संहिता पाठ केली त्यांची पुढची पाच वर्षं भरभराटीची गेली.

म्हणजे पाच-सात वर्षांनी आपलं निम्मं ज्ञान रद्दीत जातं आणि नवं भरावं लागतं. मला याचा कधी कंटाळा आला नाही, उलट या कामातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट हीच आहे. पण ज्ञान हीच आपली कमाई असं मानणाऱ्याला हा धंदा दीर्घकाळ पोसत नाही. नवं कलम तरुण मुलगा आपल्याआधी वाचतो आणि जास्त बारकाईने वाचतो.

शिवाय भरती-ओहोटी. 2007 मध्ये फोर्टातल्या प्रत्येक उपाहारगृहात कुणीतरी परदेशातली कंपनी घ्यायच्या गोष्टी करत होतं. हिंदाल्कोने नोव्हेलिस घेतली, व्होडाफोनने हचिसनचा इथला फोनचा धंदा घेतला. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली आणि काही आठवड्यांत आमच्याकडचे चालू व्यवहार एकामागून एक थांबले. समोरचा पक्ष फोनच उचलत नसे. त्या हिवाळ्यात नोकरी गेलेली माणसं आळशी नव्हती, अकुशलही नव्हती. ती फक्त चुकीच्या वर्षी त्या पायरीवर उभी होती. या क्षेत्रात पंचवीस-तीस वर्षं काढायची तर अशा दोन-तीन ओहोट्या वाट्याला येतातच. घराचा हप्ता बोनसवर बेतू नका, हा मी मुलांना देते त्यातला सगळ्यात रूक्ष सल्ला आणि बहुधा सगळ्यात उपयोगी.

तासांबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. 2021 मध्ये गोल्डमन सॅक्समधल्या पहिल्या वर्षाच्या तेरा ॲनालिस्टनी आपल्या कामाचा आढावा मांडला होता, त्यात आठवड्याला सरासरी 95 तास काम असं होतं. 2024 मध्ये जेपी मॉर्गनने नवशिक्या बँकरांसाठी आठवड्याला ऐंशी तासांची मर्यादा घालण्याचं ठरवलं, तेव्हा ती सुधारणा म्हणून गणली गेली. ऐंशी तास ही मर्यादा! मला यात काहीही कौतुकास्पद वाटत नाही. यातले कित्येक तास ग्राहकासाठी नसतात. सादरीकरणातल्या रेषा सरळ करण्यासाठी आणि वरिष्ठाच्या मनातली भीती घालवण्यासाठी असतात. या तासांची किंमत बायकांनी जास्त मोजली आहे. माझ्याबरोबरच्या मुलींपैकी बहुतेक जणी तिशीच्या सुमारास, मूल झाल्यावर, बाहेर पडल्या. त्या हुशारीत कुणालाही हार जाणाऱ्या नव्हत्या. मी टिकले याचं श्रेय माझ्या सासूबाईंना आणि एका वरिष्ठांना आहे. सासूबाईंनी मुलीला सांभाळलं. त्या वरिष्ठांनी मला रात्री आठनंतर ऑफिसात थांबायला कधी सांगितलं नाही, आणि माझ्या बढतीवर त्याचा परिणामही होऊ दिला नाही. असा माणूस भेटणं ही नशिबाची गोष्ट असू नये, पण अजून आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. या धंद्याचा मेहनताना आणि या धंद्याचं खरं फळ यांच्यात वर्षानुवर्षांचं अंतर असतं. सल्लागाराला सुरुवातीला थोडी ठरावीक रक्कम मिळते आणि मोठी रक्कम व्यवहार पूर्ण झाल्यावर, किमतीच्या टक्केवारीत. सह्या झाल्या, पैसे खात्यात आले, काम संपलं. पण व्यवहार चांगला होता की वाईट, हे त्या दिवशी कुणालाच कळलेलं नसतं.

31 जानेवारी 2007 च्या पहाटे टाटा स्टीलने कोरसचा लिलाव जिंकला. शेअरमागे 608 पेन्स. ब्राझीलच्या सीएसएनची शेवटची बोली 603 ची होती. व्यवहार साधारण बारा अब्ज डॉलरचा. आमचा त्या व्यवहाराशी काही संबंध नव्हता, तरी सकाळी ऑफिसात सगळे टीव्हीसमोर उभे होते आणि छाती अभिमानाने भरून आली होती. इंग्रजांची पोलाद कंपनी टाटांच्या बॉम्बे हाउसने घेतली! त्यानंतर आलं जागतिक मंदीचं संकट, मग चीनचं स्वस्त पोलाद, मग ब्रिटनमधला महागडा वीजपुरवठा आणि जुन्या भट्ट्या. कोरसच्याच, वेल्समधल्या पोर्ट टॅलबोटच्या कारखान्याची शेवटची झोतभट्टी 30 सप्टेंबर 2024 रोजी बंद झाली. नेदरलँड्समधल्या आयमाउडेनचा कारखाना त्याच खरेदीतून आला आणि त्याची गोष्ट वेगळी आहे, हेही सांगायला हवं. पण सतरा वर्षांनी त्या सौद्याचा हिशेब मांडायला बसलं तर पहाटेच्या त्या जल्लोषाचं काय करायचं ते कळत नाही.

आणि याच्या उलट जॅग्वार लँड रोव्हर. जून 2008 मध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून ती 2.3 अब्ज डॉलरला घेतली आणि तीन महिन्यांत जग कोसळलं. त्या हिवाळ्यात हा व्यवहार मूर्खपणाचा आहे असं म्हणणारी माणसं मुंबईत गल्लोगल्ली भेटत होती. काही वर्षांतच टाटा मोटर्सचा बहुतेक नफा तिथूनच येऊ लागला. ज्या सल्लागारांनी या दोन्ही सौद्यांवर काम केलं असेल त्यांना मेहनताना 2007 आणि 2008 मध्ये मिळाला. निकाल 2012 मध्ये वेगळा होता, 2024 मध्ये आणखी वेगळा.

वकिलाला निकाल दोन-चार वर्षांत, निदान दहा वर्षांत कळतो. शल्यविशारदाला आठवड्यात कळतो. आमच्यातल्या बहुतेकांना तो कधीच कळत नाही, कारण तोवर ते दुसऱ्या बँकेत, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या धंद्यात गेलेले असतात. हा माझ्या मते या कारकिर्दीचा सगळ्यात मोठा दोष आहे. आणि तिच्यातली दूरची संधीही इथेच आहे. जो सल्लागार सहीनंतरच्या वर्षांत हाकेच्या अंतरावर राहतो, त्याच्याकडे माणसं परत येतात. बाकी सगळं विकत मिळतं, हे मिळत नाही.

हे मला आमच्या सरांकडून शिकायला मिळालं. सर नाव लिहू देणार नाहीत, म्हणून लिहीत नाही. एकदा नाशिकहून, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतून, दोन भाऊ आले. विजेच्या स्विचगिअरचे सुटे भाग बनवणारा चांगला चाललेला कारखाना. एका युरोपीय कंपनीची विचारणा आलेली, किंमतही रास्त. आमच्या दृष्टीने हातात आलेला व्यवहार. सर ताळेबंद बघायच्या आधी कारखाना बघायला गेले. स्टोअर बघितलं, कँटीनमध्ये जेवले, आणि दोन्ही भावांना वेगवेगळं बसवून एकच गोष्ट विचारली: पैसे आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करणार? थोरल्याकडे उत्तर तयार होतं. धाकटा बराच वेळ गप्प बसला. परतीच्या वाटेवर कसाऱ्याचा घाट उतरताना सर म्हणाले, "हा व्यवहार होऊ द्यायचा नाही."

भावांना त्यांनी सांगितलं, "आधी तुमचं दोघांचं ठरू द्या. विकायचं की नाही ते नंतर. आत्ता विकलंत तर पैशाबरोबर भांडणही वाटून घ्याल." भागीदारांच्या बैठकीत यावरून शब्दाला शब्द वाढला. एवढा मेहनताना सोडून द्यायचा? सर शांतपणे म्हणाले की आपण दिलेला सल्ला बरोबर आहे आणि त्याचं बिल होत नाही, एवढंच.

बऱ्याच वर्षांनी थोरल्या भावाचा फोन आला. धाकट्याला कारखाना हवा होता, थोरल्याला मोकळं व्हायचं होतं. एका फंडाला थोडा हिस्सा देऊन त्या पैशातून थोरल्याची वाटणी करायची होती आणि हे काम दुसऱ्या कुणाला द्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. त्यानंतर त्यांच्या ओळखीने सातपूर-अंबडमधले आणखी मालक आले. कुणीच आमची माहितीपुस्तिका मागितली नाही.

ही हकिगत सांगितली की मुलं म्हणतात, मॅडम, हे मोठ्या बँकेत चालणार नाही. तिथे तिमाहीचं उद्दिष्ट असतं. खरं आहे. व्यवहार झाला तरच पैसे, ही रचना सल्लागाराला सतत एकाच दिशेला ढकलत असते, आणि ती ढकलतेय हे काही वर्षांनी जाणवेनासं होतं. म्हणून मला वाटतं की या क्षेत्रात आपण किती व्यवहार केले ही यादी सगळे जपतात; कोणते थांबवले याची यादी ठेवणारे फार थोडे. ज्याच्याजवळ दुसरी यादी नाही त्याने साठीपर्यंत टिकायची आशा धरू नये. एक तर तो संस्थेच्या नावावर जगत असतो आणि ते नाव सोडलं की फोन वाजत नाही. किंवा त्याच्या शब्दाला किंमत राहिलेली नसते, कारण त्याचं उत्तर नेहमी "करा" असंच असतं हे सगळ्यांना ठाऊक झालेलं असतं.

माझ्या स्वतःच्या कामातला एक अनुभव सांगते. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या वसाहतीतली फाउंड्री. मालकांना सगळे आण्णा म्हणत. मुलगा जर्मनीत, मुलगी डॉक्टर, दोघांनाही ओतकामात यायचं नव्हतं. घेणारी कंपनी बाहेरची, मोठी. किमतीवर फारशी घासाघीस झाली नाही. गाडी अडली ती दोन ठिकाणी. पहिलं, आण्णा म्हणाले, "ताई, पैशाचं कळलं. माणसांचं काय ते सांगा." कायम कामगारांना तीन वर्षं हात लावायचा नाही असं त्यांना लेखी हवं होतं. समोरचे वकील ऐकेनात. शेअर विकले म्हणजे कंपनी तीच राहते, कामगारांच्या नोकऱ्या कायद्याने चालूच राहतात, वेगळं कलम कशाला, असा त्यांचा युक्तिवाद. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर होता, आण्णांच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं. शेवटी दोन वर्षांवर तडजोड झाली.

दुसरं, किमतीचा एक भाग पुढच्या वर्षांच्या नफ्यावर मिळणार होता. आमच्या भाषेत अर्न-आउट. हे कलम सगळीकडे लिहिलं जातं आणि निम्म्या भांडणांचं मूळही तेच असतं. विक्रीनंतर हिशेब खरेदीदाराच्या हातात जातो. तो मुख्यालयाचा खर्च, सॉफ्टवेअरचा खर्च, आपल्या मोठ्या अधिकाऱ्यांचे पगार या कारखान्याच्या नावावर टाकू लागतो, कागदावर नफा आटतो आणि विकणारा हात चोळत बसतो. म्हणून नफा म्हणजे नेमकं काय, कोणता खर्च धरायचा, कोणता नाही, भंगाराच्या विक्रीचं उत्पन्न कुठे दाखवायचं, हे आम्ही कितीतरी पानं भरून लिहून घेतलं. फाउंड्रीत भंगार ही किरकोळ बाब नसते. समोरचे वैतागले. आण्णा मात्र प्रत्येक पान वाचून प्रश्न विचारत राहिले.

माझा मेहनताना सह्या झाल्यावर मिळाला. अर्न-आउटचा पहिला हिशेब आला तेव्हा करारानुसार माझं काम केव्हाच संपलं होतं. तरी मी शिरोलीला गेले, खरेदीदाराच्या लेखाधिकाऱ्यासमोर बसून एकेक रक्कम ताडून पाहिली, आणि जे आक्षेप होते ते लिहून दिले. पैसे मिळाले. कलमाची दोन वर्षं संपल्यावर खरेदीदाराने एक विभाग बंद केला, काही माणसं गेली. आण्णांनी मला दोष दिला नाही, पण त्या संध्याकाळी फोनवर ते फार वेळ बोलत होते आणि मी ऐकत होते. तेही या कामात येतं. व्यवहार थांबवायला हवा होता का? मला आजही तसं वाटत नाही. वारस नसलेली फाउंड्री दहा वर्षांनी आपोआप बंद पडली असती आणि तेव्हा सगळ्यांचीच नोकरी गेली असती. पण हे वाक्य आण्णांना सांगायचा हक्क, त्या दिवशी फोन उचलला म्हणूनच मला होता.

कोल्हापूरजवळच्याच गोकुळ शिरगाव आणि कागलचे मालक आता मला थेट फोन करतात. अशा मालकांकडे पुढच्या पंधरा वर्षांचं काम आहे, ही माझी खात्री. सत्तर-ऐंशीच्या दशकात भोसरीत, सातपूरला, कोल्हापुरात, आणि पुढे वाळूजला बजाजच्या कारखान्याच्या आजूबाजूला ज्यांनी दोन-चार लेथवर सुरुवात केली, ती पिढी सत्तरीत आहे. मुलं परदेशी, किंवा इथेच पण दुसऱ्या क्षेत्रात. त्यात विजेवरच्या गाड्या. पिस्टन, गिअर, धुराडं, इंधनाचे पंप बनवणाऱ्या पुरवठादाराला कळतंय की आपल्या मालाची मागणी एक दिवस उतरणार आहे, फक्त तो दिवस ठाऊक नाही. विकायचं, कुणाला भागीदार घ्यायचं, एसएमई बाजारात शेअर विक्रीला काढायचे, की भावाभावांत वाटणी करून एकाने नवं काही सुरू करायचं? या निर्णयांना बांद्र्याच्या मोठ्या बँका हात लावत नाहीत, आकार लहान म्हणून. गावचा सीए आयुष्यभराचा विश्वासू असतो, पण परक्या खरेदीदाराशी वाटाघाटींची त्याला सवय नसते. मधली जागा रिकामी आहे. ती ग्लॅमरची नाही. तिथे पंचतारांकित हॉटेलात क्लोजिंगची मेजवानी होत नाही, आणि मराठीत, कधी कन्नडमिश्रित मराठीत, घरातल्या बायकांशीही बोलावं लागतं. शेअर बहुतेक वेळा त्यांच्याही नावावर असतात आणि सही करायच्या दिवसापर्यंत त्यांना कुणी काही विचारलेलं नसतं. मी पहिल्या भेटीतच विचारते. त्यातून कधी व्यवहार लांबतो, पण एकदा सही झाली की मोडत नाही.

राहिला यंत्रांचा प्रश्न, आणि तो मला मनापासून छळतो. पूर्वी कंपनीचे कागद बघायला मरीन ड्राइव्हच्या एव्हरेस्ट इमारतीत निबंधकांच्या कार्यालयात जाऊन फायली चाळाव्या लागत. ड्यू डिलिजन्स, खरेदीपूर्वीची तपासणी, म्हणजे कारखान्याच्या गेस्ट हाउसमध्ये बॉक्स फायलींनी भरलेली खोली आणि तीन आठवडे धूळ. मग सगळं संगणकावर आलं. आता तर शेकडो करार यंत्रात टाकले की मालकी बदलल्यास करार मोडण्याचा हक्क देणारी कलमं ते काही मिनिटांत काढून देतं. पहिला मसुदा लिहितं, तुलनेसाठी कंपन्या शोधतं. चुका करतं, पण तेवीस वर्षांचा मुलगाही करतो. शिडीच्या सगळ्यात खालच्या दोन पायऱ्या अशा झिजत जाणार हे मला दिसतंय. मोठ्या बँका तिथे कमी माणसं घेतील. वरच्या पायरीवरची माणसं मात्र खालूनच येतात. ज्याने स्वतः पन्नास ताळेबंद उलगडले नाहीत त्याला एकावन्नाव्यात काहीतरी दडवलंय याचा वास कसा येणार? यावर कुणाकडे तयार उत्तर आहे असं मला दिसत नाही. ज्या संस्था मेहनतान्याच्या हिशेबात शिकवण्याचा खर्च धरतील त्यांच्याकडे वीस वर्षांनी सल्लागार असतील, बाकीच्यांकडे सॉफ्टवेअरचं वर्गणीपत्र असेल.

मी माझ्यापुरती एक पद्धत ठेवली आहे. नवीन मूल आलं की पहिले सहा महिने रोखीचा अंदाज हाताने मांडायचा, वर्किंग कॅपिटलच्या एकेका ओळीसाठी कारखान्यात जाऊन माल मोजणाऱ्या माणसाशी बोलायचं, आणि त्यानंतर यंत्राकडून तेच करून घेऊन दोन्ही शेजारी ठेवायचं. पहिल्या आठवड्यापासून मालकासमोर माझ्या शेजारी बसायचं. बोलायचं नाही, पण बैठक संपल्यावर कोण कधी गप्प झालं ते मला सांगायचं. आणि दर वर्षी एका जुन्या व्यवहाराच्या गावी जायचं, ज्याचे पैसे कधीच येऊन गेलेत आणि पुन्हा येणार नाहीत. तिथे काय झालं ते लिहून आणायचं. यंदा एक मुलगी आणि एक मुलगा, दोघं नाशिकला जाणार आहेत. मुंबईच्या बँकेत मिळाला असता त्याच्या निम्माच पगार मी त्यांना देऊ शकते. तो आकडा मी पहिल्याच भेटीत कागदावर लिहून समोर ठेवते आणि घरी विचारून मग या म्हणते.